सही केली म्हणून विनापरवाना औषध कायदेशीर होत नाही

इंदिरानगर, नाशिकहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 43, वजन 94 किलो. कॉलेज रोडच्या एका वेट लॉस सेंटरमधून त्यांनी नोव्हेंबर 2025 मध्ये ‘रेटाट्रुटाइड’ नावाच्या, वजन उतरवण्यासाठी इंजेक्शनने घ्यायच्या पेप्टाइड औषधाच्या चार छोट्या बाटल्या 52 हजार रुपयांना घेतल्या. पैसे यूपीआयने, तेही सेंटरच्या नाही, चालकाच्या वैयक्तिक खात्यावर. पावती नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर उलट्या थांबेनात, पोटातून पाठीत कळा जाऊ लागल्या. पाच दिवस खासगी रुग्णालयात काढावे लागले, निदान स्वादुपिंडाला सूज. सेंटरवाले आता म्हणतात, “ट्रायलचं औषध आहे हे सांगितलं होतं, तुम्ही फॉर्मवर सही केली आहे.” पत्राच्या शेवटी, जणू चुकून राहिलं म्हणून, एक ओळ आहे: “एक बाटली मी सिन्नरला नणंदेला दिली, तिच्याकडून तेरा हजार घेतले. तक्रार केली तर मीच अडकेन का?”

ताई, त्या शेवटच्या ओळीमुळेच तुम्ही इतके दिवस गप्प बसलात, हे पत्र वाचताना कळतं. तिच्याकडे येतोच. पण आधी एक काम करा. फ्रिजमधली उरलेली बाटली टाकून देऊ नका. “नजरेसमोर नको” असं तुम्ही लिहिलंय, ते समजू शकतो. पण तुमच्या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा तीच आहे. ती फ्रिजमध्येच, पिशवीत बंद करून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. वापरलेली बाटली आणि सुईला टोपण लावलेली सिरिंजही वेगळ्या डब्यात ठेवा.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. लेबलवर औषधाचं नाव आणि 10 मिग्रॅ एवढंच आहे. खाली बारीक इंग्रजीत लिहिलंय की हे फक्त संशोधनासाठी आहे, माणसांच्या वापरासाठी नाही. उत्पादकाचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, एमआरपी नाही. आपल्याकडे मेडिकलमधून घेतलेल्या साध्या तापाच्या गोळीच्या पाकिटावरही हे सगळं असतं.

आता हे औषध काय आहे तेही नीट समजून घ्या, कारण सेंटरवाल्यांचा सगळा बचाव ‘ट्रायल’ या एका शब्दावर उभा आहे. रेटाट्रुटाइड हे एली लिली या अमेरिकन कंपनीचं संशोधनातलं औषध. शरीरातल्या तीन वेगवेगळ्या हार्मोनच्या मार्गांवर ते एकदम काम करतं. 2023 मध्ये त्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निकाल आले. सर्वांत मोठ्या मात्रेवर 48 आठवड्यांत सरासरी 24 टक्के वजन उतरलं, आणि तेव्हापासून त्याचा बोलबाला झाला. पण तुम्ही बाटल्या घेतल्या तेव्हा जगातल्या कुठल्याही देशात त्याला विक्रीची परवानगी नव्हती. भारतात परवानगी असलेली औषधं वेगळी आहेत. टिर्झेपाटाइड मार्च 2025 मध्ये ‘मौंजारो’ नावाने आलं, सेमाग्लुटाइड जून 2025 मध्ये ‘वेगोव्ही’ नावाने. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मेडिकलमध्ये मिळतात.

आणि खरी ट्रायल अशी होत नसते. 2019 च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांप्रमाणे केंद्रीय औषध नियंत्रकाची परवानगी लागते, नोंदणीकृत नैतिकता समितीची मंजुरी लागते आणि पहिला रुग्ण घेण्याआधी भारतीय चाचणी नोंदवहीत चाचणीची नोंद करावी लागते. संमतीपत्र रुग्णाला कळेल त्या भाषेत समजावून सांगायचं असतं. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि वर नुकसानभरपाई. चाचणीत भाग घेणाऱ्याला कोणी औषध 52 हजारांना विकत नाही. सेंटरवाल्यांना लेखी एकच विचारा: तुमच्या ट्रायलचा नोंदणी क्रमांक सांगा. पण हे आत्ता नाही. कधी ते पुढे सांगतो.

सहीचं बघू. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 18(क) नुसार परवान्याशिवाय औषध विकणं, विक्रीसाठी साठवणं किंवा वाटणं हा गुन्हा आहे. कलम 27 मध्ये त्याला तीन ते पाच वर्षं कैद, आणि किमान 1 लाख रुपये किंवा जप्त औषधाच्या किमतीच्या तिप्पट, यांतला जास्त असेल तो दंड. जे करायला कायद्यानेच मनाई आहे त्यावर दोन माणसांनी कितीही सह्या केल्या तरी तो करार कायद्यासमोर उभा राहत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 23 हेच सांगतं. दीड पानाचा इंग्रजी फॉर्म, वाचायला वेळ दिला नाही, प्रत दिली नाही. अशी सही तुमच्या विरुद्ध जाण्याऐवजी त्यांच्याच विरुद्ध जाईल. मनुष्यवापरासाठी नाही असं छापलेलं औषध आपण माणसाला देतोय हे त्यांना माहीत होतं, हेच तो फॉर्म दाखवतो.

सिरिंजचा मुद्दा तुमच्या लक्षात आलेला दिसत नाही, पण मला तो फार महत्त्वाचा वाटतो. व्हॉट्सअॅपवर त्यांनी लिहिलंय, “2 मिली पाणी घालायचं आणि 40 युनिट घ्यायचं.” दहा मिलिग्रॅम पावडरमध्ये दोन मिली पाणी, म्हणजे एका मिलीत पाच मिलिग्रॅम. एका मिलीला शंभर युनिटच्या खुणा असलेल्या सिरिंजवर 40 युनिट म्हणजे 0.4 मिली, म्हणजे 2 मिलिग्रॅम. पण तुमच्या फोटोतली सिरिंज लाल टोपणाची, आपल्याकडे मेडिकलमध्ये सहज मिळणारी, एका मिलीला 40 युनिटची आहे. तिच्यावर 40 पर्यंत भरलं की पूर्ण एक मिली जातं, म्हणजे 5 मिलिग्रॅम. अडीच पट! कुठली सिरिंज घ्यायची हे त्यांनी एका शब्दाने सांगितलं नाही. बाटलीत लेबलएवढं औषध होतं की नाही, की दुसरंच काही होतं, हा प्रश्न आणखी वेगळा. स्वादुपिंडाची सूज त्यातूनच आली का, हे तज्ज्ञ डॉक्टरच सांगू शकतील. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सगळं खरं सांगा आणि डिस्चार्ज कार्डवर या इंजेक्शनची नोंद आहे का ते पाहा. नसेल तर लेखी विनंती करून घ्या. मेडिक्लेमवाल्यांपासूनही लपवू नका. दावा नाकारला तर भांडता येतं, पण खोटी माहिती दिली असेल तर भांडायला जागाच उरत नाही.

आता पावलं कुठल्या क्रमाने टाकायची ते. आमच्या वकिली व्यवसायात पहिल्या दिवशी नोटीस पाठवायची सवय आहे. इथे तसं करू नका. नोटीस सेंटरला मिळेल त्याच संध्याकाळी त्यांचा फ्रिज रिकामा होईल. आधी अन्न व औषध प्रशासनाच्या नाशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. औषध निरीक्षकाला जागेवर जाऊन नमुने घेण्याचा, माल जप्त करण्याचा अधिकार आहे, आणि पंचनामा करून त्याने घेतलेल्या सीलबंद नमुन्याला जे वजन असतं ते तुमच्या घरातल्या बाटलीला नसतं. तरी 1940 च्या औषध कायद्याच्या कलम 26 खाली तुम्हीही विकत घेतलेलं औषध फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकता. हे पोलीस ठाण्यात का नाही? कारण 2020 मध्ये अशोक कुमार शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की या कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या, म्हणजे औषधांचं उत्पादन आणि विक्री यांबद्दलच्या गुन्ह्यांत पोलिसांना एफआयआर नोंदवता येत नाही, तो मार्ग औषध निरीक्षकाचा. पोलिसांकडे फसवणुकीची आणि जीव धोक्यात घातल्याची तक्रार जाते, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 आणि 125 खाली. ती प्रशासनाच्या कारवाईनंतर दिली की तिला आधार मिळतो.

सेंटरमधल्या त्या पांढऱ्या कोटातल्या माणसाचंही तपासा. त्याच्या पॅडवर ‘मेटाबॉलिक कोच’ आहे, नोंदणी क्रमांक नाही. महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नाव सापडलं तर तिकडे शिस्तभंगाची तक्रार करता येईल. डॉक्टर नसूनही वैद्यकी करत असेल तर 1961 च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी कायद्याखाली तो स्वतंत्र गुन्हा आहे. आणि सेंटरची “तीन महिन्यांत 20 किलो” ही रील आजच स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवा. औषधाने लठ्ठपणा बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 च्या जादूटोणासदृश उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने बंदी आहे. त्याच्या यादीत लठ्ठपणा नावानिशी आहे.

पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही नाशिकला राहता, तेव्हा नाशिकलाच दावा लावता येतो. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षं. बाटल्यांचे पैसे, रुग्णालयाचं बिल, बुडालेला पगार, मनस्ताप, सगळं मागा. ट्रायल क्रमांकाचा तो प्रश्न दाव्याआधीच्या नोटिशीत, पहिल्याच परिच्छेदात टाकायचा. व्हॉट्सअॅपचं संभाषण पुसू नका, फोनही आत्ता बदलू नका. ते संभाषण पुरावा म्हणून मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्याच फोनबद्दल द्यावं लागेल.

आता नणंद. खरं सांगायचं तर कायद्याचे शब्द तुम्हालाही लागू होतात. कलम 18(क) विक्री आणि वाटप दोन्ही धरतं, नात्यातलं म्हणून सूट देत नाही. तरीही फसवल्या गेलेल्या आणि स्वतः आजारी पडलेल्या बाईने घरातल्या माणसाला दिलेली एक बाटली आणि दुकान थाटून चालवलेला धंदा यांतला फरक कुठल्याही समजदार अधिकाऱ्याला दिसतो. तो दिसेनासा होईल तुम्ही लपवलंत तर. “चारही मीच वापरल्या” असं तक्रारीत लिहिलंत आणि नणंदेचा यूपीआय समोर आला, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या शब्दांवरचाही विश्वास उडेल. म्हणून प्रशासनाकडे जबाब देण्याआधी एका फौजदारी वकिलाला बाटल्यांचा पूर्ण हिशेब सांगा, आणि शक्य असेल तर जबाबाच्या दिवशी त्यांना बरोबर घ्या.

पण वकिलाच्याही आधी नणंदेला फोन करा, पत्र वाचून झाल्या झाल्या. तिने सुरू केलं असेल तर पुढचं इंजेक्शन घेऊ नको म्हणावं. पोटात दुखतंय, उलट्या होतायत असं म्हणाली तर घरी लिंबूपाणी पीत बसू देऊ नका. सिन्नरहून तासाभरात नाशिकला आणता येतं. तिचे तेरा हजार परत करा, यूपीआयनेच, म्हणजे नोंद राहील. आणि तिची बाटली, अर्धी असो की भरलेली, लेबलसकट घेऊन या.