चोणकाच्या चरबीत सरकी

प्रश्न : गोव्यात दिवाडीला आमच्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीत) आम्ही चोणक पाळतो. तारली महागल्यापासून निम्म्या चाऱ्याच्या जागी घाण्याची सरकीची पेंड देतो. डॉक्टरांनी मुलीला ओमेगा-३ साठी मासे खायला सांगितलेत. आमच्या चोणकात ते उरलं असेल का?

उत्तर : तारली निम्मी केलीत, तिथंच ते घटलं. ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मधली खरी कामाची आम्लं. समुद्रातली सूक्ष्म शेवाळं ती तयार करतात आणि तारली ती खाऊन अंगात साठवते. गोड्या पाण्यातला रोहू जवसाच्या तेलातल्या साध्या ओमेगा-३ पासून थोडं डीएचए स्वतः बनवतो. चोणकाला ते जवळजवळ जमत नाही, कारण त्या कामाला जी एन्झाइमं एकापाठोपाठ एक लागतात, त्यांतलं एक त्याच्याकडे नावालाच आहे. त्याच्या तोंडात जाईल तेच त्याच्या चरबीत उतरणार.

मला जास्त काळजी सरकीची वाटते. तिच्या तेलात स्टर्क्युलिक नावाचं आम्ल थोडं असतं, आणि घाण्याच्या पेंडीत तेल बरंच उरतं. (आपल्याकडच्या जंगली बदामाच्या बियांत हेच आम्ल भरपूर असतं, त्या झाडाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याला हे नाव पडलं.) घट्ट स्टिअरिक आम्लाचं पातळ ओलिक आम्ल करणारं एन्झाइम स्टर्क्युलिक आम्ल अडवून धरतं. ट्राउट माशांना ते खाऊ घालून पाहिलंय : संतृप्त, म्हणजे घट्ट, चरबी वाढली, ओलिक घटलं. कोंबड्यांना सरकी दिली की साठवलेल्या अंड्यांचा बलक रबरासारखा होतो, पांढरा भाग गुलाबी पडतो. असा बलक मी बोटानं दाबून पाहिलाय. चेंडूसारखा परत वर येतो. शिवाय सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, तेही माशाला बाधतं.

तेव्हा सरकी आजच बंद करा. चोणक काढण्याआधीचे निदान तीन महिने पुन्हा पुरती तारली द्या, किंवा मासळीचं तेल घातलेला तयार चारा द्या. पोटातली साठ्याची चरबी चाऱ्याप्रमाणे बदलत जाते. तारली मात्र ताजी हवी; वास मारू लागली की हीच नाजूक तेलं सगळ्यांत आधी खवटतात.

आणि मुलीसाठी तोवर थांबू नका. मांसाच्या पेशींच्या आवरणातलं डीएचए मासा पोटच्या चरबीपेक्षा जास्त धरून ठेवतो, म्हणून तुमचा चोणक तिला द्यायला हरकत नाही. पण चाऱ्याला आणलेल्या ताज्या तारल्यांतल्या चार-पाच आधी तिच्या हुमणात घाला.