ट्रम्पवर दोनदा महाभियोग झाला, मग ते परत राष्ट्राध्यक्ष कसे काय झाले?

कारण महाभियोग झाला म्हणजे खुर्ची गेली असं नसतंच. ती फक्त चार्जशीट असते, निकाल पुढे लागायचा असतो. अमेरिकेत चार्जशीट हाउस, म्हणजे संसदेचं खालचं सभागृह, दाखल करतं, त्याला साधं बहुमत पुरतं, पण खटला चालतो सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, आणि तिथे हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांनी 'दोषी' म्हणावं लागतं, 100 च्या 100 आले तर 67. एवढी मतं जमवायची तर राष्ट्राध्यक्षाच्याच पक्षातले बरेच फुटावे लागतात आणि खरी मेख तिथेच आहे.

2021 चंच घ्या ना. कॅपिटलवरच्या, म्हणजे संसदेच्या इमारतीवरच्या हल्ल्यानंतर आठवडाभरात हाउसने 232 विरुद्ध 197 ने महाभियोग मंजूर केला, फेब्रुवारीत सिनेटमध्ये 57 जण दोषी म्हणाले, 43 नाही म्हणाले, आणि साहेब सुटले! स्वतःच्याच पक्षाचे 7 जण उलटले तरी 10 मतं कमी पडली. क्लिंटनही 1999 ला असेच सुटले, अँड्र्यू जॉन्सन तर 1868 ला एका मताने वाचले, 36 हवी होती, पडली 35. आजवर सिनेटने एकाही राष्ट्राध्यक्षाला दोषी ठरवलेलं नाही. निक्सनचं नाव लोक उगाच यात घुसडतात, हाउसमध्ये मतदान व्हायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला होता.

बरं, 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युरीने ट्रम्पना 34 आरोपांत दोषी ठरवलं ते प्रकरण साफ वेगळं, ते फौजदारी कोर्ट, त्याचा सिनेटशी काही संबंध नाही आणि त्याने निवडणूक लढवायला बंदीही येत नाही.

आता गंमत म्हणजे सिनेटने दोषी ठरवलं तरी फक्त पद जातं, पुन्हा सरकारी पद मिळू नये म्हणून वेगळं मतदान घ्यावं लागतं. ॲल्सी हेस्टिंग्ज म्हणून फ्लोरिडात फेडरल जज होते, लाच घेण्याचा कट केल्याचा आरोप, कोर्टात ज्युरीने निर्दोष सोडलं तरी हाउसने महाभियोग आणला आणि 1989 ला सिनेटने दोषी ठरवून घरी बसवलं. पण बंदी काही घातली नाही. मग या पठ्ठ्याने 1992 ला हाउसची निवडणूक लढवली, जिंकली आणि 2021 ला वारले तोपर्यंत ते खासदार होते, म्हणजे क्लिंटनवर महाभियोग आला तेव्हा हे त्याच हाउसचे सदस्य!