लोगी पुरस्कारांमागची मतं नक्की कोणाची?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: ऑस्ट्रेलियातले लोगी पुरस्कार सुरू कसे झाले, आणि प्रेक्षकांच्या मतांवर दिलेल्या टीव्ही पुरस्काराला काही किंमत असते का. पहिलीचं उत्तर सोपं आहे. दुसरीबद्दल माझं मत ठाम आहे, पण इतिहास सांगितल्याशिवाय ते तुम्हाला पटणार नाही. मी जुन्या टीव्हीच्या चित्रफिती धुंडाळत बसणारा माणूस आहे, त्यामुळे मध्येच वाहवत गेलो तर सांभाळून घ्या.

ऑस्ट्रेलियात टीव्ही आला 1956 च्या सप्टेंबरात, मेलबर्न ऑलिंपिकच्या तोंडावर. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये एक साप्ताहिक निघालं, जे पुढे 'टीव्ही वीक' म्हणून देशभर खपलं. टीव्हीवर काय लागणार, कलाकार काय म्हणतात, असा सगळा मजकूर. या साप्ताहिकाने वाचकांकडून मतं मागवली आणि 1959 मध्ये पहिले पुरस्कार दिले. वेगळा सोहळा वगैरे काही नव्हता. 'इन मेलबर्न टुनाइट' या रात्रीच्या लोकप्रिय कार्यक्रमातच ते उरकले. त्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक ग्रॅहम केनेडी. वर्षाचा तारा कोण ठरला? तोच. पुरस्काराला नावही पुढच्या वर्षी त्यानेच सुचवलं. टीव्हीच्या आद्य संशोधकांपैकी एक, स्कॉटलंडचा जॉन लोगी बेअर्ड, त्याच्या मधल्या नावावरून 'लोगी'. सर्वांत मोठ्या मानाला 'गोल्ड लोगी' म्हणू लागले आणि केनेडीने तो पाच वेळा नेला. आपणच बारसं केलेलं बक्षीस पाचदा घरी नेणारा दुसरा कोणी माझ्या तरी ऐकिवात नाही.

आता मतदानाकडे वळतो, कारण खरी गोम तिथे आहे. कित्येक वर्षं मत द्यायची रीत एकच होती: अंक विकत घ्यायचा, त्यातलं कूपन कापायचं, नावं भरायची आणि टपालात टाकायचं. म्हणजे 'जनतेचा कौल' म्हणताना तो मुळात त्या साप्ताहिकाच्या वाचकांचा कौल होता, आणि त्यातही कात्री हातात घेण्याइतका उत्साह असलेल्यांचा. दहा अंक घेतले की दहा कूपनं. घरबसल्या नुसता कार्यक्रम बघणाऱ्याचं मत कुठेच मोजलं जात नव्हतं. साप्ताहिकाला यात तोटा काय? अंक खपत होते, वर्षातून एकदा सगळं टीव्ही जग त्याच्या मांडवाखाली येत होतं.

हे ध्यानात ठेवलं की पुढचे निकाल उलगडतात. 1988 साली गोल्ड लोगी कायली मिनोगला मिळाला. वय वर्षं एकोणीस, आजवरची सर्वांत लहान विजेती. 'नेबर्स' या मालिकेवर तेव्हा पोराटोरांचा जीव जडला होता, आणि आवडत्या नटीसाठी कूपन कापत बसण्याचा दम त्याच वयात असतो. उलट रे मार्टिनसारखा पत्रकार आणि मुलाखतकारही पाच वेळा जिंकला, कारण वर्षानुवर्षं तो रोज लोकांच्या दिवाणखान्यात होता. 'ब्लू हीलर्स' या पोलिसांच्या मालिकेतली लिसा मॅक्यून 1997 ते 2000 अशी सलग चार वर्षं जिंकली. त्याच मालिकेतला जॉन वुड मात्र वर्षामागून वर्षं नामांकनातच अडकलेला. शेवटी 2006 मध्ये, मालिका बंद पडली त्याच साली, त्याला गोल्ड मिळाला. त्याचा अभिनय त्या वर्षी अचानक सुधारला होता असं नाही. मतदारांना एवढंच वाटलं असणार की आता नाही तर कधीच नाही.

परीक्षकांना असं वागता येत नाही. कोणी 'राहून गेला' म्हणून त्याला बक्षीस दिलं, तर ओरड होते. प्रेक्षकांना कोण विचारणार?

आणि प्रेक्षकांना गंमतही कळते. 1976 मध्ये गोल्ड लोगी मिळाला नॉर्मन गन्स्टनला. हा माणूस अस्तित्वातच नव्हता. गॅरी मॅकडॉनल्ड या विनोदी नटाने उभा केलेला तो एक बावळट मुलाखतकार: दाढी करताना कापलेल्या गालावर कागदाचे कपटे चिकटवून मोठमोठ्या लोकांना भलतेच प्रश्न विचारणारा. पुरस्कार नटाच्या नव्हे, पात्राच्या नावाने दिला गेला. असं लोगींच्या इतिहासात पुन्हा झालेलं नाही.



लोकांच्या मतांवर नाकं मुरडली जाणार हे ठरलेलंच होतं. म्हणून पुढे लोकप्रियतेच्या पुरस्कारांच्या जोडीला परीक्षक मंडळाने ठरवायचे वेगळे पुरस्कारही आले. आणि 1984 पासून 'हॉल ऑफ फेम', म्हणजे कारकिर्दीचा गौरव. त्याचा पहिला मानकरी निर्माता हेक्टर क्रॉफर्ड. हा मान जाणकार मंडळी ठरवतात, प्रेक्षक नव्हेत.

मला यातली एक तुलना फार बोलकी वाटते. प्रेक्षकांच्या मतांवर गोल्ड लोगी जिंकणारी पहिली स्त्री लॉरे डेझमंड, साल 1962. जाणकारांच्या हॉल ऑफ फेममध्ये पहिली स्त्री यायला 2001 उजाडलं: रूथ क्रॅकनेल. दुसरी, नोनी हेझलहर्स्ट, त्यानंतर पंधरा वर्षांनी. कूपनं कापणाऱ्या ज्या जनतेला उथळ म्हणून हिणवलं जातं, तिने जे तीन वर्षांत केलं त्याला जाणत्यांना सतरा वर्षं लागली. दोन्ही पुरस्कारांचं स्वरूप वेगळं आहे, मान्य. तरीही.

हेझलहर्स्टला तो मान मिळाला त्याच रात्री, 2016 मध्ये, गोल्ड लोगी वलीद अलीला मिळाला. मेलबर्नमध्ये जन्मलेला, आईवडील इजिप्तचे, 'द प्रोजेक्ट' या बातम्यांच्या कार्यक्रमाचा सहसूत्रसंचालक. त्याचं नामांकन जाहीर झाल्यापासूनच कुरकुर सुरू होती. भाषणात त्याने सांगितलं की याच सभागृहातला एक जण त्याला भेटला आणि म्हणाला, माझं नाव मुस्तफा आहे, पण त्या नावाने मला काम मिळणार नाही म्हणून मी ते वापरत नाही. तू जिंकावंस असं मनापासून वाटतं. ते भाषण जरूर ऐका.

एव्हाना कूपनाची जागा आधी एसएमएसने आणि मग इंटरनेटने घेतली होती. मत फुकट झालं, आणि जे फुकट होतं त्याची मोट बांधणंही सोपं होतं. 2018 मध्ये टॉम ग्लीसन या विनोदवीराने सरकारी वाहिनी एबीसीवरच्या एका उपहासात्मक कार्यक्रमातून मोहीम काढली: गोल्ड लोगी ग्रँट डेनियरला द्या. डेनियर 'फॅमिली फ्यूड' हा खेळ चालवायचा, आणि तो कार्यक्रम नुकताच गुंडाळला गेला होता. बेकार झालेल्या सूत्रसंचालकाला देशातला सर्वांत लोकप्रिय ठरवायचं, एवढाच विनोद. लोकांनी तो मनावर घेतला आणि डेनियर खरंच जिंकला. पुढच्या वर्षी ग्लीसनला स्वतःलाच नामांकन मिळालं. त्याने प्रतिस्पर्ध्यांची यथेच्छ खिल्ली उडवत उघडउघड मतं मागितली, जिंकला, आणि व्यासपीठावर उभं राहूनही पुरस्काराची टिंगल करत राहिला. सभागृहातले काही चेहरे बघण्यासारखे होते. त्यानंतर कोविडमुळे 2020 आणि 2021 चे सोहळे रद्द झाले. परिणामी या पुरस्काराची सर्वांत जास्त थट्टा करणारा माणूसच 2022 पर्यंत त्याचा मानकरी म्हणून मिरवत राहिला.

काही जण म्हणतात, 2018 आणि 2019 या दोन वर्षांत लोगींचं हसं झालं. मला तसं वाटत नाही. ग्लीसनने फसवलं काहीच नाही. वाहिन्यांची प्रसिद्धी खाती पडद्याआड जे करतात तेच त्याने कॅमेऱ्यासमोर केलं. आजही नावं वाहिन्याच पुढे करतात. लोकांनी निवडायचं ते त्यांतूनच. सोहळा कुठे भरवायचा याचा संबंध तर प्रेक्षकांशी नाहीच. अनेक वर्षं मेलबर्नमध्ये होणारा सोहळा 2018 मध्ये गोल्ड कोस्टला गेला, कारण क्वीन्सलँड राज्य सरकारने पैसे दिले. 2023 पासून तो सिडनीत आहे.

तर किंमत असते का? लोगीच्या मतांवरून सर्वोत्तम कोण ते कळत नाही. सर्वांत जास्त कोणाला पाहिलं जातं तेही नाही; त्यासाठी प्रेक्षकसंख्येचे आकडे असतात. कोणासाठी लोक उठून खटपट करतील, एवढं मात्र नेमकं कळतं, आणि ते दुसऱ्या कोणत्याही मापाने कळत नाही. 2025 चा गोल्ड लोगी लिन मॅकग्रँगरला मिळाला. 'होम अँड अवे' या रोजच्या मालिकेत 1993 पासून ती आयरीनची भूमिका करत होती आणि त्याच वर्षी मालिकेतून बाहेर पडली. अशा रोजच्या मालिकेतल्या, साठी ओलांडलेल्या नटीला परीक्षकांच्या मंडळाने देशातला सर्वांत मोठा टीव्ही पुरस्कार दिला असता, असं मला तरी वाटत नाही.