‘जोर’ या एका शब्दाचे चार तुकडे

रामबाग, इंदूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू पोहे तसेच टाकून उठलीस, ते मनातून जात नाही. ‘काका, फिजिक्समधलं मेकॅनिक्स, ते बल आणि गतीचं, मला जमत नाही, आणि जमलं तरी त्याचं पुढे करायचं काय?’ असं तू विचारलंस. तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून हे पत्र.

तुझी वही मी नीट पाहिली. सूत्रं पाठ आहेत, गणितही कच्चं नाही. अडतंय ते एकाच ठिकाणी. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच जागी असताना त्याच्यावर बल किती, याला तू लिहिलंस, ‘हाताने दिलेलं बल संपलं, म्हणून शून्य.’ ही चूक आपल्या बोलण्यातून येते. आपण म्हणतो, चेंडूत अजून जोर आहे. ट्रकला फार जोर असतो. स्ट्रायकर जोरात मार. या मोटरीत जोर नाही. घरात ‘जोर’, शाळेत ‘संवेग’, क्लासमध्ये ‘मोमेंटम’; तिन्ही भाषा तुला येतात, पण त्या एकमेकींशी जुळवून कुणी दिल्या नाहीत. जोर या एका शब्दात बल, संवेग, ऊर्जा आणि शक्ती अशा चार गोष्टी दाटीवाटीने बसल्या आहेत. त्या वेगळ्या झाल्या की अर्धं मेकॅनिक्स झालं.

बल कुणाच्या अंगात नसतं. एक वस्तू दुसरीवर ते लावत असते, आणि लावते आहे तोवरच ते असतं. चेंडू हातातून सुटला त्या क्षणी हाताचं बल संपलं, वर पोहोचल्यावर नव्हे. चेंडूपाशी उरतो तो संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो कमी होत जातो, कारण पृथ्वी सतत खाली ओढते आहे. सर्वांत वर वेग क्षणभर शून्य होतो, पण ओढ तेवढीच राहते आणि त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. तेही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता.

संवेग आणि ऊर्जा यांतला फरक तुझ्या दादाच्या मोटारसायकलवर बघ. ताशी 30 चा वेग 60 झाला की संवेग दुप्पट होतो, गतिज ऊर्जा मात्र चौपट. ब्रेक तेवढाच लागत असेल तर थांबायला अंतरही चौपट लागतं. हे त्याला आजच सांग. शक्तीचा हिशोब सोपा आहे: तेच काम किती वेळात झालं, एवढंच त्यात बघायचं.

म्हणून माझी एकच सवय घे. सूत्राकडे जाण्याआधी एक वस्तू निवड, तिचं एकटीचं चित्र काढ, तिच्यावरचं प्रत्येक बल बाणाने दाखव आणि बाणाशेजारी लिही: कोण, कोणावर. बल लावणाऱ्याचं नाव सांगता आलं नाही तर तो बाण खोडून टाक. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा आधार ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची (क्रिया-प्रतिक्रियेची) जोडी, असं तू लिहिलं आहेस. ‘कोण, कोणावर’ लिहून पाहा. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला ओढतं. टेबलाचा त्यात संबंध नाही.

या सवयीची किंमत मला नोकरीत कळली. पीथमपूरच्या एका कारखान्यात नवा असताना गाडीतल्या 20 किलोच्या बॅटरीसाठी ब्रॅकेट, म्हणजे तिला धरून ठेवणारा आधार, केलं. वजन 196 न्यूटन धरलं, थोडं जास्त घेतलं आणि निर्धास्त झालो. चाचणीत ते तुटलं. खड्ड्यातून गाडी वर उसळते तेव्हा बॅटरीलाही वर ढकलावं लागतं, आणि ढकलणारं असतं ते ब्रॅकेट. ते त्वरण गुरुत्वाच्या तिप्पट असेल तर ब्रॅकेटवर 784 न्यूटन येतात, म्हणजे वजनाच्या चौपट, आणि तेही पुन्हा पुन्हा. वर जाणाऱ्या लिफ्टमधल्या माणसाचा तुमच्या पुस्तकातला सवाल तो हाच. परीक्षेत मी तो बरोबर सोडवला होता, पण ब्रॅकेट काढताना ओळखला नाही. ते दुःख अजून आहे.

आता ‘पुढे काय’. त्याच पीथमपूरजवळ नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा लंबगोल ट्रॅक आहे, 2021 मध्ये सुरू झालेला. त्याची वळणं आतल्या बाजूला उतरती आहेत आणि ताशी 250 किलोमीटर या ‘न्यूट्रल’ वेगासाठी आखलेली आहेत. त्या वेगाला वळण्यासाठी टायरच्या घर्षणाची गरजच उरत नाही, रस्त्याचा आधारच गाडीला आत वळवतो. हळू गेलीस तर घर्षण बाहेरच्या, चढाच्या बाजूला लागतं, जास्त वेगात आतल्या. उतरत्या वळणांचा, म्हणजे ‘बँकिंग’चा, पुस्तकातला धडा इथे डांबराचा झाला आहे. सस्पेन्शन, ब्रेक, अपघात-चाचणी यांत काम करणारे लोक रोज हेच बाण काढतात.

शहरातल्याच राजा रामण्णा केंद्रात इंडस-2 हे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणारं यंत्र आहे. 172.5 मीटर परिघाच्या वर्तुळात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला साधारण 17 लाख फेऱ्या. तिथे न्यूटनचा संवेग पुरत नाही, आइन्स्टाइनचा लागतो, पण ‘वळवतंय कोण?’ हा प्रश्न तोच, आणि उत्तर चुंबक. अशा ठिकाणी शास्त्रज्ञ लागतात तसे निर्वात पंप सांभाळणारे डिप्लोमावालेही लागतात. पूल, क्रेन, कृत्रिम पाय, रोबोट, व्हिडिओ गेममधली उडी, सगळीकडे हीच विद्या आहे. शुद्ध भौतिकशास्त्राची ओढ वाटली तर बीएस्सी करून एमएस्सीच्या प्रवेशाची जॅम परीक्षा दे, किंवा बारावीनंतर आयसर या विज्ञान संस्थांची परीक्षा. इंजिनिअरिंगला जेईई आहेच, पुढे पदवीनंतरच्या गेट परीक्षेतून अणुऊर्जा विभागाची वाटही निघते. शिक्षिका व्हावंसं वाटलं तर मला सर्वांत जास्त आनंद होईल, कारण ‘कोण, कोणावर’ शिकवणारे फार थोडे आहेत.

भंवरकुआँच्या क्लासमध्ये धडे पळतात. त्यांना पळू दे. तू मात्र न्यूटनच्या नियमांवर आणखी तीन आठवडे घाल. रोज पाचच सवाल, पण आकृतीसह. घूर्णन गतीत, म्हणजे अक्षाभोवती फिरणाऱ्या वस्तूंच्या धड्यात, पुढे बहुतेक मुलं अडखळतात, आणि त्याचं मूळ इथेच राहिलेलं असतं.

आणि एक सवाल माझ्याकडून. आपल्या नळाचं पाणी नर्मदेवरच्या जलूदहून येतं, सुमारे 400 मीटर चढून. 1000 लिटर पाणी तेवढं उचलायला निव्वळ 39 लाख जूल लागतात, म्हणजे एका युनिटहून थोडी जास्त वीज. पंपातली आणि पाइपमधल्या घर्षणातली वाया जाणारी ऊर्जा वेगळीच. आता तुमच्या गच्चीवरच्या टाकीचा हिशोब कर, जमिनीपासूनची उंचीही मिळव, आणि आईला महिन्याला किती पाणी लागतं ते विचार. उत्तर घेऊन येत्या रविवारी ये. पोहे गरम ठेवायला काकूला सांगतो.

तुझा,
काका