पाहुणा तज्ज्ञ बोलवावा, पण कशासाठी?

प्रश्न : रावेर तालुक्यातील आमच्या शाळेत हाताळून पाहण्याचे छोटे विज्ञान-दालन उभारत आहोत. बाहेरच्या तज्ज्ञांना केवळ व्याख्यानासाठी बोलवावे काय?

उत्तर : व्याख्यानापुरते बोलावू नका, चार-आठ दिवस मुक्कामाला ठेवा. फ्रँक ओपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत 1969 साली सुरू केलेल्या एक्सप्लोरेटोरियम या हाताळून पाहण्याच्या विज्ञान-संग्रहालयात बाहेरून आलेले कलावंत आणि शास्त्रज्ञ तिथल्या कार्यशाळेतच, कारागिरांच्या खांद्याला खांदा लावून प्रदर्शने घडवतात, आणि माझ्या मते खरे मर्म तेच आहे.

तुमच्याकडे केळीच्या बागांतले ठिबक मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. दोरीने वर-खाली होणारी बादली, तिला जोडलेली पारदर्शक नळी आणि तिच्यावर चार ड्रिपर एवढे जमवले, की बादली एक मीटर वर चढवताच थेंब भराभर पडू लागतात आणि पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो, हे मूल स्वतःच्या हाताने अनुभवते. दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब साधारण एक वातावरणाइतका, म्हणजे आपल्यावरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो, हे सूत्र त्यानंतर सांगावे.

तज्ज्ञाने पहिला नमुना पुठ्ठा आणि सुतळी वापरूनच करावा, आणि मुले कुठे अडतात, काय ओढतात, काय मोडतात, हे गप्प राहून पाहावे. दुरुस्ती मात्र गावातल्या फिटरला जमेल अशीच रचना ठेवा.