विहीर जुनी झाली की तेल कमी होणारच ना, मग वेल परफॉर्मन्स ऑप्टिमायझेशनमध्ये इंजिनिअर नक्की करतात काय? माझं शिक्षण मेकॅनिकलचं आहे, सॉफ्टवेअर कुठलं शिकू?

कमी होणारच, हे तुमचं बरोबर आहे. पण किती कमी व्हायला पाहिजे याचा एक अंदाज आधीच काढलेला असतो, आणि त्याच्यापेक्षा जास्त कमी झालं की मग आमच्यासारख्यांना फोन येतो.

मी प्रोडक्शनमध्ये चौदा वर्षं काढली, आधी जमिनीवरच्या फील्डवर, मग समुद्रात. मूळचा उरणचा. लहानपणी रात्री प्लांटच्या फ्लेअरचा, म्हणजे जास्तीचा गॅस जाळतात त्या ज्वाळेचा उजेड दिसायचा तर आम्हाला वाटायचं तेल तिथेच निघतं, निघतं ते साधारण 160 किलोमीटर आत समुद्रात, मुंबई हायला, उरणला नुसतं पाइपने येतं. असो.

तर आधी ती घट. आर्प्स नावाच्या माणसाने 1945 मध्ये घट मोजायची रीत लिहून ठेवली, अजून तीच चालते, एक्सपोनेन्शियल, हायपरबोलिक, हार्मोनिक असे तीन प्रकार. साधा हिशोब बघा, वर्षाला 10 टक्के घट धरली तर आजचे 100 पाच वर्षांनी 59 होतात. ही रेघ आधी काढून ठेवायची आणि दर महिन्याची टेस्ट, म्हणजे विहीर दिवसाला किती देते त्याचं मोजमाप, तिच्यावर टाकत जायची, आकडा रेघेवर बसला तर ते विहिरीचं वय, रेघेच्या बराच खाली गेला तर काहीतरी बिघडलंय. ही रेघ कागदावरची गंमत नाहीये, तिच्यावर पैसे ठरतात. 2025 च्या जानेवारीत ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश तेल कंपनीला टेक्निकल सर्व्हिस प्रोव्हायडर नेमलं ना, त्यातली मुख्य कमाई ठरलेल्या बेसलाइनच्या, म्हणजे अशाच आधी काढलेल्या रेघेच्या वर जे जास्तीचं निघेल त्याच्यावर आहे. म्हणजे बेसलाइन कुठून काढली याला केवढं महत्त्व, विचार करा.

आता बिघाड कसा शोधतात. तुम्ही मेकॅनिकलचे आहात असं लिहिलंय म्हणजे हे पटकन कळेल. तेल वर येतं ते खालच्या प्रेशरच्या जोरावर, आणि ते प्रेशर वाटेत ठिकठिकाणी खाल्लं जातं. थोडं तेल ज्यात साठलंय त्या दगडातून विहिरीत शिरताना, सगळ्यात जास्त ट्युबिंगमधला, म्हणजे तेल वर आणणाऱ्या पाइपमधला द्रवाचा कॉलम उचलायला, थोडं घर्षणात, थोडं चोकमध्ये, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी प्रवाह आवरणाऱ्या बारीक भोकात (आमच्याकडे बीन म्हणतात, 6 मिमीची बीन, 8 मिमीची बीन), उरलेलं फ्लोलाइन म्हणजे पुढच्या पाइपमध्ये आणि तेल, गॅस, पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये. पाण्याचा 10 मीटर कॉलम म्हणजे जवळपास 1 केएससी, केएससी म्हणजे किलो पर स्क्वेअर सेंटिमीटर, फील्डवर सगळे तेच बोलतात. आता 2000 मीटर खोल विहीर आहे, खाली प्रेशर 180 केएससी आहे, आणि ट्युबिंग पूर्ण पाण्याने भरली, तर कॉलमच 200 चा झाला. तेल खाली भरपूर असेल हो, पण वर येणार नाही. याला विहीर सीझ झाली, म्हणजे वाहायची थांबली, म्हणतात. पाण्याचं प्रमाण वाढत गेलं की जिवंत विहिरी अशाच बसतात, तेल संपलं म्हणून नाही, कॉलम जड झाला म्हणून.

हा जमाखर्च मांडायची पद्धत म्हणजे नोडल ॲनालिसिस. एक कर्व्ह दगड किती देऊ शकतो त्याचा, आयपीआर (इनफ्लो परफॉर्मन्स रिलेशनशिप), दुसरा ट्युबिंग किती उचलू शकते त्याचा, व्हीएलपी (व्हर्टिकल लिफ्ट परफॉर्मन्स), दोघं जिथे एकमेकांना कापतात तेवढंच तेल मिळणार. सरळ केस असेल तर पीआय, प्रोडक्टिव्हिटी इंडेक्स, पुरतो, म्हणजे खालचं प्रेशर 1 केएससीने उतरवलं तर रोज किती क्युबिक मीटर जास्त येईल. पण तेलातून गॅस सुटायला लागला की रेघ वाकते, तिथे व्होगेलचं 1968 चं समीकरण वापरतात आणि त्यातली एक गोष्ट मला आजही आवडते, विहिरीच्या तळाचं प्रेशर रिझर्व्हॉयरच्या, म्हणजे तेल साठलेल्या दगडातल्या प्रेशरच्या निम्म्यावर आणलं की जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या तेलातलं 70 टक्के तुमच्या हातात आलेलं असतं. त्याच्या पुढे कितीही मोठा पंप टाका, सगळी धडपड उरलेल्या 30 टक्क्यांसाठी. पंप विकणारे हे सांगत नाहीत.

आता माझी स्वतःची एक फजिती सांगतो, त्यातून जास्त कळेल. फील्डचं नाव नको. नोकरीला दोनेक वर्षं झाली होती, म्हणजे सगळं येतं असं वाटायचे दिवस. गॅस लिफ्टवरची विहीर, गॅस लिफ्ट म्हणजे केसिंगमधून, ट्युबिंगच्या बाहेरच्या मोठ्या पाइपमधून, वरून गॅस खाली सोडायचा, तो व्हॉल्व्हमधून ट्युबिंगमध्ये शिरतो आणि कॉलम हलका करतो. ही विहीर रोज 55 क्युबिक मीटर लिक्विड, म्हणजे तेल आणि पाणी मिळून, द्यायची, ते एका महिन्याच्या टेस्टमध्ये 28 वर आलं. मी रोजचा गॅस दहा हजारावरून चौदा हजार क्युबिक मीटर केला, फरक शून्य. मग ठरवलं की तळाशी दगडाची तोंडं बुजलीत, आमच्या भाषेत स्किन वाढलीय, ॲसिड जॉब करा, म्हणजे खाली ॲसिड सोडून ती मोकळी करा. नोट टाइप करून साहेबांच्या टेबलवर ठेवली पण.

तिथे आमचे एक सांगलीकडचे ऑपरेटर होते, वयाने वडिलांएवढे, सगळे दादा म्हणायचे. ते म्हणाले, "साहेब, गोल चार्ट बघितले का तुम्ही?" विहिरीच्या तोंडाशी टू पेन रेकॉर्डर असतो, घड्याळासारखा फिरणारा गोल कागद, त्याच्यावर लाल पेन केसिंगचं प्रेशर काढतं आणि निळं ट्युबिंगचं. मी बघितले नव्हते. मी एक्सेल बघत होतो. त्यांनी क्लिपला लावलेले जुने चार्ट काढून गाडीच्या बॉनेटवर एकापुढे एक मांडले. लाल रेघ आठवडेच्या आठवडे 62 केएससीवर, आणि मग एका रात्री पायरी उतरल्यासारखी 54 वर, त्यानंतर तिथेच. दादांनी नखाने ती पायरी दाखवली आणि रजिस्टर उघडून तारीख लावली, आदल्या संध्याकाळी कॉम्प्रेसर ट्रिप झाला होता आणि रात्री परत चालू केला होता.

काय झालं होतं ते आता सरळ दिसतं. गॅस बंद पडल्यावर विहीर लिक्विडने भरते, परत गॅस सोडला की आधी वरचे व्हॉल्व्ह उघडतात, कॉलम टप्प्याटप्प्याने हलका करतात आणि काम झालं की बंद होतात, शेवटी फक्त सगळ्यात खालच्या व्हॉल्व्हने गॅस जायला पाहिजे. आमच्या विहिरीत 900 मीटर खोलीवरचा वरचा व्हॉल्व्ह उघडला तो बंदच झाला नाही. गॅसला वरच वाट मिळाली, म्हणून केसिंगचं प्रेशर उतरलं, आणि 1800 पर्यंत जायचा गॅस 900 लाच ट्युबिंगमध्ये. खालचा 900 मीटरचा कॉलम जडच राहिला.

दोन दिवसांनी वायरलाइनवाले, म्हणजे तारेला बांधून विहिरीत उपकरणं सोडणारे, आले, गेज खाली सोडून दर शंभर मीटरला थांबून प्रेशर आणि टेम्परेचर घेतलं. 900 ला टेम्परेचरमध्ये छोटासा खड्डा, गॅस बारीक वाटेतून सुटताना थंड होतो ना, तो. आणि त्याच्या खाली दर मीटरला 0.055 च्या जागी 0.085 केएससी. फरक 0.03, गुणिले 900, झाले 27 केएससी. त्या विहिरीचा पीआय 1 होता. म्हणजे 27 क्युबिक मीटरचा फटका, 55 वजा 27, 28. ॲसिड जॉबची माझी नोट मी गुपचूप परत घेतली.

व्हॉल्व्ह बदलायला रिगसुद्धा लागली नाही, तो ट्युबिंगच्या बाजूच्या खिशात बसतो, वायरलाइननेच ओढून काढता येतो. बाहेर आला तेव्हा सीटमध्ये गंजाचा एक खपला अडकलेला, मसूर डाळीपेक्षा लहान. नवीन बसवला, लाल पेन परत 62 वर, टेस्टमध्ये 53 आले. 55 का नाही म्हणाल तर मधे दोन महिने गेले होते, तेवढं वयाचं.

म्हणून नंतर सवयच लागली, नवीन काही करण्याआधी हातातले आकडे खरे आहेत का ते बघायचं. चार तासांची टेस्ट घेऊन सहाने गुणतात आणि दिवसाचं उत्पादन म्हणून लिहितात, पण विहीर हेडिंग करत असेल, म्हणजे थांबून थांबून उसळत असेल, तर त्या चार तासांत उसळी सापडली की आकडा फुगतो आणि हुकली की पडतो. वॉटर कटचं, म्हणजे लिक्विडमध्ये पाणी किती टक्के त्याचं, सॅम्पलही तसंच, कॉक उघडून पहिल्या धारेतच बाटली भरली तर लाइनमध्ये साचलेलं पाणी येतं. अशा सॅम्पलवर लाखोंचे जॉब प्लॅन झालेले बघितलेत मी.

एका विहिरीपेक्षा अख्ख्या फील्डचं ऑप्टिमायझेशन मला जास्त मजेशीर वाटतं, कारण तिथे गॅस मोजका असतो. कॉम्प्रेसर देईल तेवढाच, विहिरी चाळीस. कोणाला किती? गावाकडे पाटाच्या पाण्याचं आवर्तन बघितलं असेल तर हे लगेच समजेल. ज्याचं रान आधीच तुंबलंय त्याला अजून पाणी सोडून काय उपयोग, शेवटच्या टोकाचा हरभरा वाळतोय तिकडे वळवा. उदाहरणाचे आकडे घ्या, पहिली विहीर 40 क्युबिक मीटर तेल देते पण तिला रोज 2000 क्युबिक मीटर गॅस वाढवला तर 1 च वाढतं, दुसरी 15 च देते पण तेवढ्याच गॅसवर 5 वाढवते. तर पहिलीचा 2000 काढून दुसरीला द्यायचा, 1 गेलं 5 आले, फुकटात 4. प्रत्येक विहिरीचा शेवटचा हजार सारखंच तेल देईपर्यंत हे करत राहायचं. सांगायला सोपं, मीटिंगमध्ये मोठ्या विहिरीचा गॅस कमी करतो म्हटलं की लोक अंगावर येतात. आणि गॅस जास्त झाला तर तेल कमीही होतं बरं का, ट्युबिंगमध्ये गॅसच इतका धावतो की घर्षणच प्रेशर खाऊन टाकतं.

बीन मोठी केली की तेल वाढतं हा पण असाच एक समज. वाढतं, काही दिवस. मग तळाचं प्रेशर फार उतरलं की खालून पाणी शंकूसारखं वर चढतं, डोक्यावर गॅस कॅप, म्हणजे तेलाच्या वर साठलेला गॅस, असेल तर वरून गॅस खाली ओढला जातो, दगड सुटा असेल तर वाळू. मग बीन परत लहान केली तरी पाणी मुकाट्याने मागे जाईलच असं नाही. पाणी शंकूने येतंय की दगडातल्या एखाद्या जास्त पारगम्य थरातून धावत येतंय हे ओळखायला चॅन नावाच्या माणसाचे प्लॉट आहेत, 1995 चे, पाणी आणि तेलाचं गुणोत्तर आणि त्याचा डेरिव्हेटिव्ह लॉग-लॉग कागदावर काढायचा, शंकू असेल तर डेरिव्हेटिव्ह खाली उतरत जातो, थरातून असेल तर वर चढतो. उपाय दोन्हीकडे वेगळा म्हणून हे आधी कळलेलं बरं.

सॉफ्टवेअर कुठलं शिकू असं पण विचारलंय. पाइपसिम आणि प्रॉस्पर ही दोन सगळीकडे दिसतात, कंपनी जे वापरते ते ती शिकवतेच. त्याच्या आधी एक्सेलमध्ये व्होगेलचा कर्व्ह स्वतः काढा, दहा ओळींचं काम आहे, वॉटर कट 20, 40, 60 धरून कॉलमचं वजन बदलत जा आणि कुठल्या आकड्याला दोन्ही कर्व्ह एकमेकांना भेटेनासे होतात ते बघा. अडलं तर कमेंटमध्ये शीटचे आकडे टाका, या आठवड्यात घरीच आहे, बघून सांगतो.