फुकटचं संपलं आणि माणसं पांगली

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही पाच-सहा जण छोट्या शेतकऱ्यांमध्ये काम करतो. दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांचं शिबिर घेतलं. कंपोस्ट, आच्छादन, मिश्रपिकं, घरचं बियाणं, कीडनियंत्रण, परसबाग असं सगळं शिकवलं. चाळीस जण आले होते. बियाणं आणि कंपोस्टच्या टाक्या मोफत दिल्या. पहिल्या हंगामात सगळ्यांनी मनापासून केलं. परवा फिरून आलो तर बऱ्याच टाक्यांत सरपण भरलेलं. आमचं चुकलं कुठं? की या लोकांना पटतच नाही?

उत्तर : टाकीत सरपण, हे वाचून मला हसू आलं. रागावू नका. त्या घरानं टाकीचा उपयोग शोधून काढला आहे, कंपोस्टचा मात्र त्यांना सापडलेला नाही. तो का सापडला नाही, एवढंच आता शोधायचं आहे. ‘पटत नाही’ हा शब्द मी माझ्यापुरता कधीच टाकून दिला. छोटा शेतकरी ‘नाही’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्यानं हिशेब केलेला असतो, आणि तो आपल्यापेक्षा बारकाईनं केलेला असतो.

आता कंपोस्टचाच हिशेब मांडू. चांगल्या कुजलेल्या एक टन खतात ढोबळमानानं 10 किलो नत्र (नायट्रोजन) असतं. त्यातलं पहिल्या वर्षी पिकाच्या तोंडी थोडंच पडतं, बाकीचं पुढच्या वर्षांत सावकाश सुटतं. युरियाच्या 50 किलोंत 23 किलो नत्र असतं आणि ते एका सायकलवर येतं. कंपोस्टनं माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, हे सगळं खरं. पण ते दिसायला दोन-तीन हंगाम जातात आणि टोपल्या मात्र आज वाहायच्या असतात. त्या कोण वाहतं? तुमच्या शिबिराला आलेले चाळीस जण पुरुष होते की बाया, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज असा, की शिकले एक आणि वाहिलं दुसरीनं. दुसऱ्या हंगामात तिनं टाकीत लाकडं भरली असतील तर मी तिच्या बाजूची आहे.

माझीही एक चूक सांगते, म्हणजे मी वरून बोलते आहे असं वाटणार नाही. कामाला लागून चार-पाच वर्षं झाली होती. काडीकचरा जाळू नका, पेरणीआधी मातीत गाडा, असं मी घरोघर सांगत सुटले. पंधरा-वीस जणांनी ऐकलं. पीक हातभर झालं आणि पिवळं पडलं. कारण पुस्तकात होतंच, मीच ते नीट वाचलं नव्हतं. सुक्या काडात नत्राच्या एका भागाला कर्बाचे (कार्बनचे) ऐंशीच्या आसपास भाग असतात, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना पंचवीस-तीसच्या घरातलं प्रमाण मानवतं. कमी पडलेलं नत्र ते मातीतून ओढून घेतात आणि पीक तेवढे आठवडे उपाशी राहतं. काड वर नुसतं अंथरलं असतं किंवा शेणात कुजवून मग घातलं असतं तर काही बिघडलं नसतं. कोणी मला भांडलं नाही. फक्त पुढच्या बैठकीला कोणी आलं नाही. एका म्हाताऱ्या बाईंनी तेवढं विचारलं, “पोरी, तुझं रान असतं तर सगळ्या रानात केलं असतंस का गं?”

नसतं केलं. एका कोपऱ्यात करून पाहिलं असतं. तेव्हापासून मी शेतकऱ्याकडे कोपराच मागते. दोन-चार सरी, तेवढंच. छोट्या शेतकऱ्याचं रान हीच त्याची कणगी असते, ती प्रयोगाला मागायचा आपल्याला हक्क नाही.

आता मोफत वाटपाबद्दल. आफ्रिकेतल्या नायजर देशातली हकिकत मला फार शिकवून गेली. टोनी रिनॉडो नावाचे ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथं काही वर्षं झाडांची रोपं लावत होते आणि बहुतेक रोपं मरत होती. 1983 साली एकदा टायरची हवा कमी करायला त्यांनी गाडी थांबवली. आजूबाजूच्या झुडपांकडे निरखून पाहिलं तेव्हा कळलं, की ही झुडपं नव्हेतच, तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांना फुटलेले धुमारे आहेत. मुळं जमिनीत जिवंत होती. नवीन काही लावायचं नव्हतं, चार चांगले फुटवे राखून बाकीचे छाटायचे होते. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. फुटवे राखणाऱ्यांना कामाच्या बदल्यात धान्य देण्याची योजना आली आणि गावंच्या गावं कामाला लागली. धान्य थांबलं, तशी राखलेली पुष्कळशी झाडं पुन्हा तोडली गेली. तुमच्या टाक्यांसारखंच! पण काहींनी झाडं ठेवली. वारा अडतो, सरपण मिळतं, जनावरांना पाला होतो, हे त्यांना स्वतःच्या रानात दिसलं. पुढं हे पसरलं ते त्यांच्या रानांवरून, धान्याच्या पोत्यांवरून नव्हे. वीसेक वर्षांत पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास झाडं उभी राहिली. यात आणखी एक गोष्ट होती. तिथं कायद्यानं झाड सरकारचं मानलं जाई. ते राखणाऱ्याचंच, असा व्यवहार रूढ होत गेला तसे लोक झाडं राखायला धजावले. तुमच्या चाळिसांपैकी किती जण दुसऱ्याचं रान कसतात, हे विचारा. ज्याला पुढच्या वर्षी तेच रान मिळेल की नाही याची खात्री नाही, तो तीन वर्षांनी फळ देणारी माती कशाला घडवेल?

मग सुरुवात कशानं करायची? माझं मत ठाम आहे : त्याच हंगामात ज्यानं खर्च किंवा कष्ट वाचतील, अशा एकाच गोष्टीनं. सहा नव्हे. मला बहुतेक वेळा फवारणीपासून सुरुवात करणं सोपं गेलं, कारण न मारलेल्या फवाऱ्याचे पैसे त्याच दिवशी खिशात राहतात.

इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी हाहाकार केला होता. जितकं फवारावं तितके तुडतुडे वाढत, कारण तुडतुड्यांची अंडी खोडाला वेढणाऱ्या पानाच्या आवरणात सुरक्षित राहत आणि त्यांना खाणारे कोळी मात्र मरून जात. 1986 मध्ये सरकारनं भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण बंदीनं माणूस शिकत नाही. 1989 पासून तिथं शेतीशाळा भरू लागल्या. वीस-पंचवीस शेतकरी, आठवड्यातून एकदा, पेरणीपासून कापणीपर्यंत. व्याख्यान नाही. बांधावरून उतरून चुडातले तुडतुडे मोजायचे, कोळी मोजायचे, मोठ्या कागदावर चित्र काढायचं, आणि मग आज फवारायचं का यावर हुज्जत घालायची. बरणीत एक कोळी आणि दहा तुडतुडे सोडून झाकण लावायचं, दुसऱ्या दिवशी किती उरले ते बघायचं. ही बरणी मी स्वतः कितीतरी वेळा केली आहे (झाकणाला फडकं बांधा, नाहीतर सगळेच गुदमरतात आणि तुमची फजिती होते). तासभराच्या भाषणानं जे होत नाही, ते ती बरणी एका रात्रीत करते.

तुमचं शिबिर तीन दिवसांचं होतं, पिकाचं आयुष्य चार महिन्यांचं. कीड चौथ्या आठवड्यात येते तेव्हा तुम्ही तिथं नसता आणि दुकानदार असतो. म्हणून पुन्हा शिबिर घेऊ नका. आठवड्यातून एक सकाळ द्या, पण हंगामभर द्या.

कोपऱ्याची तुलना करायची तर नीट करा. शेजारी-शेजारी दोन पट्टे, बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी, फरक फक्त एका गोष्टीचा. कापणीनंतर तराजू शेतकऱ्याच्या हातात द्या आणि दोन्ही पट्ट्यांवर किती तास राबावं लागलं तेही लिहायला सांगा. उत्पन्न सारखं आणि कष्ट दुप्पट असं निघालं तर ती पद्धत सोडून द्या, तुम्हाला कितीही आवडत असली तरी. आणि रासायनिक खत एका दमात बंद करा, असं कोणालाही सांगू नका. दमलेल्या मातीत पहिली दोन-तीन वर्षं उत्पन्न उतरू शकतं. हे आधीच तोंडावर सांगितलं नाही, तर उरलेलेही जातील.

सध्या एवढंच करा. त्या चाळीस घरांत पुन्हा जा, वही न काढता. सहापैकी एखादी गोष्ट कोणीतरी अजून करत असेलच. कदाचित तुम्ही शिकवली त्यापेक्षा वेगळ्या रीतीनं. आफ्रिकेतल्याच बुर्किना फासो देशातले शेतकरी याकूबा सावाडोगो असेच होते. उजाड जमिनीत उन्हाळ्यातच छोटे खड्डे खणून ठेवायची त्यांच्याकडची जुनी रीत होती. त्यांनी 1980 च्या सुमारास खड्डे मोठे केले आणि पावसाआधी त्यांत शेणखत घातलं. खताला वाळवी आली, वाळवीनं माती पोखरली, पोखरलेल्या मातीत पाणी मुरलं. वाळवीला आपण शत्रू म्हणतो, तिलाच त्यांनी नांगराला जुंपलं! पुढं ते आपल्या रानावर वर्षातून दोनदा शेतकऱ्यांचा बाजार भरवत. लोक बियाणं घेऊन येत आणि खड्डे बघून जात. तुमच्यातला असा एखादा, किंवा अशी एखादी, सापडली की पुढची बैठक तिच्या बांधावर घ्या, आणि तुम्ही मागे बसा.

प्रश्न : ताई, आमच्या बचत गटातल्या बायकांचं धान्य साठवणीत किडतं. औषधाच्या गोळ्या टाकायची भीती वाटते. काय करावं?

उत्तर : भीती योग्यच आहे. धुरी देणाऱ्या गोळ्यांचा वायू माणसालाही मारतो, राहत्या घरात त्या नकोतच.

आधी वाळवण तपासा. काचेची कोरडी बाटली घ्या, एक तृतीयांश धान्य भरा, दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका, मिनिटभर जोरात हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा उन्हात घाला. चिकटलं नाही तरी आणखी एखादं ऊन द्या. 13 टक्क्यांच्या खाली आलेलं बरं.

मग हवाबंद करा. बाहेर विणलेलं पोतं आणि आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, प्रत्येक पिशवी हवा दाबून काढून वेगळी पिळून बांधलेली. आतले किडे उरलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मग त्यांची वाढ थांबते, औषध लागत नाही. पण ओलं धान्य असं बांधलंत तर बुरशी धरेल, म्हणून मिठाची बाटली आधी. पिशवीला सुईएवढं भोक पडलं तरी सगळं फुकट, तेव्हा पोती उंदरांपासून लांब, फळीवर ठेवा. रोजच्या खाण्याचं धान्य वेगळ्या डब्यात काढून घ्या. दर दोन दिवसांनी तेच पोतं उघडलं तर किड्यांना पुन्हा हवा मिळते.